मुळाशी दोन बोटं

केसांचे टोप विणणाऱ्याने तिच्या मोकळ्या सोडलेल्या केसांतला एक केस कापून घेतला, वाटीतल्या पाण्यात बुडवला आणि दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ताणला. केस तुटला. दुसराही तुटला. तिसरा तो खिडकीपाशी घेऊन गेला, तशी तिने मान वळवली.

"किती वर्षं रंग लावताय?"

"अकरा."

हा आकडा तिने आजवर कोणाला सांगितला नव्हता. ताईला तर नाहीच. आई गेल्यावर तिची वेणी ताईनेच घातली होती, शाळा संपेपर्यंत, रोज. चाळिशी उलटली तरी आमच्या धाकटीचा एक केस पांढरा नाही, असं ताई येईल त्याला सांगायची. आणि धाकटी दर तिसऱ्या रविवारी न्हाणीघराला कडी लावून ते खरं करायची. आता औषधांनी ताईचे सगळे केस गेले होते. म्हणून धाकटी आपली वेणी द्यायला आली होती.

टोपवाला समजुतीने बोलला. रंग आत शिरायचा तर केसावरचे बारीक खवले उचलावे लागतात. वर्षानुवर्षं उचलले की ते पुन्हा नीट बसत नाहीत, केस आतून कोरडा होत जातो. वरून चकाकतो, पण गाठ मारायला घेतला की तुकडा हातात येतो. मग त्याने मुळाजवळचा एक केस घेतला. गेले तीन महिने इस्पितळाच्या फेऱ्यांत रंग लावायचा राहून गेला होता आणि मुळाशी दोन बोटं पांढरं आलं होतं. हा केस ताणला, लांबला आणि पुन्हा होता तसा झाला.

"हे चांगले आहेत," तो म्हणाला. "असे वीतभर वाढू देत, मग आखूड टोप होईल. वर्ष धरा. नाहीतर तयार काळा टोप आजच देतो."

ती विचारून सांगते म्हणाली आणि डोक्याला रुमाल बांधून घरी आली.

ताई उशीला टेकून बसली होती. तिच्याही डोक्याला रुमाल होता. तुला सोबत म्हणून मीही बांधते, असं धाकटीने तिला सांगितलं होतं आणि ताईच्या डोळ्यांत तेव्हा पाणी आलं होतं. धाकटी पलंगाच्या कडेला बसली. रुमाल सोडला आणि सगळं सांगून टाकलं. अकरा वर्षं, कडी, रुमालसुद्धा.



"मला सांगायचं होतंस," ताई म्हणाली.

मग तिने धाकटीचं डोकं खाली ओढलं आणि लहानपणी उवा बघायची तसा बोटाने भांग पाडत गेली. डॉक्टर हल्ली पुढच्या तपासणीपलीकडचं काही बोलत नसत. दोघींनाही ते माहीत होतं.

"तयार काळा टोप मिळतो," धाकटी मान खाली घालूनच म्हणाली. "उद्या आणता येईल. माझ्या केसांचा करायचा तर वर्ष लागेल."

"पांढराच होईल ना तो?"

"पांढराच."

ताईचं बोट कानामागे जाऊन थांबलं, तिथून पुन्हा भांगाशी आलं.

"वाढव तू," ती म्हणाली. "मी थांबते."