उजव्या हातच्या बांगड्या

"काढ त्या," पुतळाबाई म्हणाली.

रुचिकाच्या उजव्या हातात चार हिरव्या बांगड्या चढल्या होत्या आणि पाचवी अंगठ्याच्या हाडाशी अडली होती. डोळ्यांत काजळ, अंबाड्याभोवती अबोली, गुडघ्याखाली ओढून नेसलेलं लाल लुगडं. समोर उपड्या टोपलीवर मोबाइल टेकवून ठेवला होता.

"का गो आजी? नवरी नाय दिसत मी?"

"दिसतंस. पन कोळ्याच्या नवरीचा उजवा हात मोकळा असतो. त्या हातचा चुडा दर्याला द्यायचा. मग दर्या तिचं मानूस राखतो."

रुचिकाने नातीच्या हक्काने तिचा दंडच धरला. "हे तू कधी बोलली नाहीस! आज लाइव्हमध्ये सांग ना. प्लीज."

पुतळाबाईने पदर सारखा केला.

रुचिकाला मोबाइलवर तीन लाख माणसं बघत होती. यायची ती तिचं काजळ, तिचं लुगडं बघायला. ती गजरा माळता माळता बोलू लागायची ती खाडीकाठच्या या मासळी वाळवायच्या जागेबद्दल. सोमवारी मोजणीची माणसं येणार होती. सरकारी कागदावर जागेपुढे 'मोकळी' असं लिहिलं होतं आणि तिथं गाड्या उभ्या राहायच्या होत्या.

"लाली लावून जागा वाचते, तं मी पन लावतंय गो," पलीकडून शकु म्हणाली. शकु म्हणजे पुतळाबाईची धाकटी नणंद. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी बांबूंवर ताणलेल्या दोरीवर टाकत होती.

"लावा ना शकुआजी, तीन रंग हायत माझ्याकडं."

"आधी दात आनून दे मेले. ओठ मग बघू."

ऊन कलतं होतं. दोरीवरचे बोंबील काचेसारखे झाले होते, त्यांच्यातून खाडी दिसत होती, होड्या दिसत होत्या, पलीकडचं मढ गाव वितळल्यासारखं दिसत होतं. अशा वेळी पुतळाबाईला नेहमी वाटे, आपण पाण्याखाली बसलोय आणि वरून कुणीतरी हलकेच उजेड ओततंय. लाल लुगड्यातली पोर त्या उजेडात इकडून तिकडे गेली. क्षणभर ती रुचिका नव्हतीच. धवलारीण लग्नाची गाणी म्हणत होती, आणि सतरा वर्षांची पुतळा ओल्या रेतीवरून पाण्याकडे चालली होती.

"नमस्कार, मी वेसाव्याची रुचिका. आज माझी आजी सांगणार आहे."

पुतळाबाईने सांगितलं. चुडा कसा उतरवायचा, तांदूळ-नारळासोबत रुमालात कसा बांधायचा, गुडघाभर पाण्यात जाऊन कसा सोडायचा. रुचिका पडद्यावर सरकणारे प्रश्न वाचत होती.

"एक ताई विचारतायत, मग दर्याने राखलं का तुमचं..."

वाचून झाल्यावर तिला कळलं. "सॉरी आजी. सोड ते. पुढचं घेऊया."

आजोबा भिकाजीची होडी चाळीस वर्षांपूर्वी गेली ती परत आली नव्हती. हे पुऱ्या कोळीवाड्याला ठाऊक होतं.

"नाय राखलं," पुतळाबाई म्हणाली. "मी दिलंच नव्हतं त्याला."

शकुच्या हातची दोरी हलायची थांबली. पुतळाबाईने तिकडे पाहिलं नाही.

"सोनेरी ठिपक्यांच्या बांगड्या होत्या. तशा मी कधी बघितल्या नव्हत्या. मन होईना. रुमालात शिंपल्या बांधल्या, वाजल्या पायजेत म्हनून. बांगड्या पेटीत ठेवल्या. अठरा वर्सं. मग ती होडी नाय आली." तिने गुडघ्यावरची रेती झाडली. "लोकांनी माझ्या डाव्या हातचा चुडा फोडला. उजव्या हातच्या त्या पेटीत तशाच होत्या. मीच इथं वाळवणाच्या एका बांबूखाली पुरल्या. कागदात ही जागा मोकळी लिवलीय म्हनं. मोकळी नाय ती."

रुचिकाच्या काजळाला पाणी लागलं होतं. पडद्यावरचे प्रश्न धावत होते, तिने एकही वाचला नाही.

शकु लुगड्याला हात पुसत आली. भावाचा चेहरा तिच्यात पहिल्यापासून होता, म्हातारपणी तो जास्तच वर आला होता. पुतळाबाईने मान खाली घातली. जे ऐकायला चाळीस वर्षं भ्यायली होती, ते आता ऐकायचं होतं.

"खाडीकडून तिसरा बांबू," शकु म्हणाली.

पुतळाबाईने वर पाहिलं.

"कोंबड्या उकरत होत्या तिथं. हिरवं चमकलं. मी वर दोन टोपल्या रेती टाकली."

"कवा?"

"तवाच. दादाच्या बाराव्याला."

खाडीतून एक होडी आत येत होती. तिचा आवाज काठापर्यंत आला.

"आनि एवढी वर्सं गप ऱ्हायलीस?"

"तू तरी कुठं बोललीस, वहिनी?"

रुचिकाचा हात मोबाइलकडे गेला.

"बंद नको करू," शकु म्हणाली. तिने डोक्यावर पदर ओढला, मोबाइलकडे तोंड केलं आणि पुतळाबाईला कोपराने ढोसलं.

"सरक जरा."