चौथ्या गाण्यावरचा चरा

मी एक जुनी, काळी, जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची तबकडी आहे, मित्रांनो. माझ्या अंगावर एका रॉक बँडची आठ गाणी आहेत. मऊ प्लॅस्टिकचा गोळा साच्यात दाबून मला घडवलं आणि मी नभोवाणी केंद्रात आले.

तिथे मी आठवडाभर रोज पाचदा वाजले. तिसऱ्या गाण्यात कारखान्याच्या फाटकावर गोळीबारात गेलेल्या अकरा जणांची नावं होती. बावीस वर्षांच्या गायकाचा आवाज ती घेताना फाटायचा.

मग वरून आदेश सुटला. बाजारातल्या माझ्या बहिणी वितळवल्या गेल्या. मी सरकारी मालमत्ता म्हणून वाचले, पण माझ्या तिसऱ्या गाण्यावर चरा ओढायचा होता, म्हणजे ते पुन्हा वाजणार नाही. संग्रहपालांनी लेकीच्या कंपासपेटीतला कर्कटक आणला. “सोस गं बाई,” ते पुटपुटले.

टोक टेकलं आणि मी हादरले. ते चौथ्या गाण्यावर टेकलं होतं, एका सायकलीवरच्या साध्याशा गाण्यावर! तपासायला आलेल्या साहेबांनी मला उजेडात तिरकं धरलं, चरा पाहिला, सही केली. सुई टेकवून ऐकलं असतं, तर संग्रहपाल थेट तुरुंगात गेले असते.

पुढची एकेचाळीस वर्षं मी कपाटात उभी होते. पाकिटावर चिठ्ठी होती: ‘तिसरं गाणं खराब.’

गेल्या महिन्यात कपाट उघडलं. संग्रहपालांची ती लेक आता इथेच ध्वनिमुद्रक आहे. तिच्या शेजारी खुद्द गायक उभा होता. त्याला सरकारी सन्मान मिळणार होता, म्हणून माझ्यावर कार्यक्रम करायचं ठरलं होतं. मला कोण आनंद झाला! त्याने चिठ्ठी वाचली आणि सुटकेचा श्वास सोडला.

“खराब झालंय ना? बरंच झालं. आता कशाला ते उकरायचं?”

कर्कटकाच्या टोकानेही लागलं नव्हतं, एवढं मला ते बोलणं लागलं.

“काका, चरा चौथ्यावर आहे,” लेक शांतपणे म्हणाली. “बाबांनी मरताना सांगितलं मला.”

तिने सुई टेकवली. नावं सुरू झाली. सातव्या नावाला तो हळूच म्हणाला, “बंद कर.”

“अजून चार आहेत, काका,” ती म्हणाली आणि तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

मित्रांनो, आम्हाला उभं ठेवा, धूळ मऊ कापडाने पुसा. आणि पाकिटावर कुणी ‘खराब’ लिहून ठेवलं असेल, तर टाकून देण्याआधी एकदा सुई टेकवून ऐका.