बहरीनमधले शुक्रवार

दारापाशी येताच श्यामकांत आपोआप बाजूला झाला. आतून कुणी बाहेर येत नव्हतं, मागूनही कुणी आत शिरत नव्हतं. तरी तो भिंतीला अंग चिकटवून उभा राहिला आणि सुगंधा पुढे निघून गेली. वॉचमननं तिला सलाम ठोकला. तिनं मागे वळून पाहिलं.

"अवो, येतास ना? का मी एकटीच पिऊ?"

वॉचमन हसला. श्यामकांतही हसला आणि आत गेला, पण त्याचे कान तापले होते.

गोराईच्या किनाऱ्यावरचा हा आजचा पहिला बार. श्यामकांत बहरीनहून कायमचा परत आला त्याला वर्ष होत आलं, तरी नवराबायको दहिसरच्या घराबाहेर पडली नाहीत, म्हणून मुलानं, परेशनं, आईबापांसाठी शनिवार-रविवारची खोली घेऊन दिली होती. खाडी ओलांडताना बोटीत सुगंधानं आपला बेत सांगितला. तिला देऊळ नको होतं, वाळूत फिरणंही नको होतं. तिला बार बघायचे होते. एकाच संध्याकाळी तीन, तुम्ही सांगायचात तसे. श्यामकांतनं तिला गुडघेदुखीची आठवण करून दिली, लोक काय म्हणतील तेही सांगून पाहिलं. ती म्हणाली, लोकांना म्हातारे दिसतच नाहीत.

तो सांगायचा, हे खरं होतं. सुटीवर आला की संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत सतरंजी पडायची. शेजारचा माणिक आणि आणखी चारपाच जण जमायचे. तिथं शुक्रवारी सुट्टी, श्यामकांत सांगायचा, आणि शुक्रवारी आम्ही तीन बार करतो. एकात गोरा माणूस पियानो वाजवतो, दुसऱ्यात फुटबॉलची मॅच लागलेली असते, तिसरा अगदी समुद्राला लागून. माणसं ऐकत राहायची. माणिक मांडीवर थाप मारून म्हणायचा, मजा आहे रे तुझी.

यांतल्या एकाही बारमध्ये श्यामकांत कधी गेला नव्हता. गोदीत तो जहाजांचे तळ खरवडून रंगवायचा आणि कामगारांच्या कॅम्पात राहायचा. शुक्रवारी इस्त्रीचा शर्ट घालून तो आणि खोलीतले आणखी दोघं हॉटेलांच्या रस्त्यावर जायचे. दारावरचा माणूस त्यांच्याकडे नुसता बघायचा, मग ते समोरच्या चुना लावलेल्या बुटक्या भिंतीवर जाऊन बसायचे. दार उघडलं की गाणं ऐकू यायचं, मिटलं की थांबायचं. पहिल्या सुटीत माणिकनं विचारलं, शुक्रवारी काय करतोस, तेव्हा सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. भिंतीवर बसतो, असं त्याला सांगता आलं नाही. पुढच्या सुटीत त्यांनी पुन्हा विचारलं, आणि एक बार वाढला.

माणिक आता राहिला नव्हता, चाळही पाडली होती. ऐकणाऱ्यांपैकी एक सुगंधाच उरली होती. तिला कळू नये, एवढीच श्यामकांतची आजच्यापुरती इच्छा होती.

वेटरनं विचारलं, बियर स्ट्राँग की माइल्ड. श्यामकांत म्हणाला, चांगली असेल ती. सुगंधानं लिंबूसोडा मागवला, पण त्याच्या ग्लासातला एक घोट घेऊन पाहिलाच आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"ह्येच्यासाठी एवढी वर्षं थय रवलास?"

ती गमतीनंच म्हणाली होती. तरी तिची नजर जरा जास्त वेळ त्याच्यावर राहिली. मग ती एकेक विचारू लागली. बायका यायच्या का, उशीर झाला तर कॅम्पात घ्यायचे का. तो सांगत गेला. या गोष्टी इतक्या वेळा सांगून झाल्या होत्या की विचार करावा लागत नव्हता. तेवढ्यात तिनं त्याला थांबवलं. पियानोवाला पहिल्या बारमध्ये होता, दुसऱ्यात नाही, ती म्हणाली. आतल्या खोलीत त्या माणसांसाठी बोंबील तळता तळता तिनं ते सगळं ऐकलं होतं, आणि तिला ते त्याच्यापेक्षा नीट पाठ होतं.

दुसरा बार लहान होता, वर झावळ्यांचं छप्पर. गल्ल्यावर एक म्हातारा बसला होता, इथलाच, गावठाणातला. भिंतीवर त्याचा कुकच्या उंच टोपीतला जुना फोटो होता. सुगंधानं विचारलं तेव्हा तो म्हणाला, मस्कतच्या हॉटेलात होतो. तिला राहवलं नाही. आमचे हेपण बहरीनला होते, तिनं सांगितलं, दर शुक्रवारी बारमध्ये असायचे. म्हातारा खूश झाला आणि आपली खुर्ची उचलून त्यांच्या टेबलाशी घेऊन आला. तिकडची गरमी, तिकडचे साहेब, त्याला बोलायला माणूसच हवा होता. श्यामकांत मान डोलवत राहिला.

"पण एक सांगतो बाय तुला," म्हातारा सुगंधाकडे वळून म्हणाला. "आमच्या हॉटेलासमोर चुना लावलेली भिंत होती. सुट्टीच्या दिवशी कॅम्पवाली पोरं येऊन बसायची त्याच्यावर. आपलीच पोरं, मस्त इस्त्रीबिस्त्री करून. आत यायला पैसा कुठे? मग बंद करताना मी उरलेला पाव बांधून न्यायचो त्यांना. घ्यायची, पण लाजायची. समुद्राकडे तोंड करून खायची. सगळ्या हॉटेलांबाहेर हेच, काय साहेब? तुमच्याकडेपण असतील ना?"

श्यामकांतनं ग्लास उचलला होता, तो त्यानं तसाच खाली ठेवला.

"असतील," तो म्हणाला. "आमचं लक्ष नसायचं त्यांच्याकडे."

बोलून झाल्यावर त्याला त्या दोघांची तोंडं आठवली, भिंतीवर त्याच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्यांची. म्हातारा म्हणाला, बरोबर आहे, आत बसणाऱ्याला बाहेरचं काय दिसणार, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे उठून गेला. सुगंधानं पदरानं कपाळ पुसलं, पर्समधून पैसे काढून टेबलावर ठेवले आणि उठली.

बाहेर वाळूतून ती त्याच्या पुढे चालत होती. सुरूच्या झाडांपाशी थांबली. त्याच्याकडे न बघता म्हणाली,

"सुटीवर आणलेल्या तुमच्या पँटींच्या मागे चुन्याचे डाग असायचे. घासून घासून माझी बोटं जायची. मी म्हणायची, थय बारातल्या खुर्च्यांका चुनो लावतत काय?"

श्यामकांतनं तोंड उघडलं. त्याला वाटलं, अजूनही काहीतरी सांगता येईल, जहाजाचा रंग, गोदीतली भिंत. तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"एकदासुद्धा नाय?" तिनं विचारलं.

"नाही."

समुद्र ओसरला होता. दूरवर काही मुलं ओल्या वाळूत क्रिकेट खेळत होती. सुगंधा तिकडे बघत राहिली. आता ती चिडेल, असं त्याला वाटलं. चिडली असती तर बरं झालं असतं. पण ती बोलली ते अगदी हळू.

"तुम्ही जाताना कुळथाची पिठी मागायचात. डबा भरून दे म्हणायचात."

"हो."

"मी मुद्दाम थोडी द्यायची. घरात असायची, तरी. मनात म्हणायची, थय बारात कोंबडे खातास, पिठी कशाक व्हयी? मी इथं पोराला घेऊन पाण्याच्या रांगेत, आणि तुम्ही..." ती थांबली. "माका राग यायचो तुमचो. दर शुक्रवारी यायचो."

"पुरायची ती पिठी," श्यामकांत म्हणाला.

"नाय पुरायची."

तिला खोटं कळत होतं आता. तो खाली वाळूकडे बघत राहिला. चाळीतल्या चारपाच माणसांसमोर लाज वाटू नये म्हणून त्यानं जे रचलं, ते आतल्या खोलीत बसून कुणी खरं मानत होतं आणि त्याची किंमत मोजत होतं, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. तो म्हणाला, चल, खोलीवर जाऊ. तिनं पदर खोचला.

"तिसरा राहिला ना," ती म्हणाली आणि दिवे दिसत होते त्या बाजूला चालू लागली.

तिसऱ्या बारमध्ये तिनं त्याला काही विचारलं नाही. वेटर पेयांचं कार्ड घेऊन आला, ते तिनं परत केलं. तळलेली सुरमई, कोळंबीचं सुकं, तांदळाच्या भाकऱ्या, तिनं मागवलं. गर्दीची वेळ अजून व्हायची होती, ताटं लवकर आली. तिनं सुरमईचा काटा बोटांनी अलगद सोडवला आणि अख्खा तुकडा त्याच्या ताटात सरकवला. स्वतःसाठी काही घेतलं नाही.

श्यामकांतला भूक नव्हती. पोट बियरनं आणि खाऱ्या दाण्यांनी भरलं होतं. त्यानं एक घास घेतला, मग दुसरा. तिनं आणखी एक भाकरी मागवली. पुरे म्हणायला त्याचा धीर होईना. मान खाली घालून तो खात राहिला, आणि ताटात जरा जागा झालेली दिसली की ती वाढत राहिली.