बसवराजचा जोडविषय

बसवराजला डॉक्टर व्हायचं होतं, पण औषध देणारा नव्हे. हैदराबादेत तो शिक्षणशास्त्रात डॉक्टरकी करत होता, आणि अणदुरात, त्याच्या गावी, हे कुणाला समजावून सांगायचं तर सकाळची संध्याकाळ व्हायची, म्हणून त्यानं तो नाद कधीच सोडला होता. मुख्य विषय ठरला होता. त्याच्या जोडीला एक दुय्यम विषय घ्यावा लागे, त्याला जोडविषय म्हणत, आणि घोडं अडलं होतं ते तिथंच. प्राध्यापक म्हणत, जुन्या फारसी मकतबांचा, म्हणजे त्या काळच्या पाठशाळांचा, इतिहास घे. ग्रंथालयात बसून काम होईल. बसवराजच्या मनात भलतंच होतं. घरी कन्नड, बाजारात मराठी आणि शाळेत उर्दू, असं जगणारं पोर विचार नेमका कुठल्या भाषेत करतं? तो स्वतः असंच पोर होता. उत्तर येत असून शब्द सापडला नाही म्हणून खाल्लेल्या छड्या तो विसरला नव्हता. हा विषय हातचा गेला तर बाकीच्या डॉक्टरकीत त्याला फारसा रस नव्हता.

शेवटी प्राध्यापकच कंटाळून म्हणाले, "जा, गावात पोरांना विचारून बघ. हाती काही लागलं तर तुझा विषय, नाहीतर माझा."

साल होतं अठ्ठेचाळीस. गावोगाव निजामाचे रझाकार फिरत होते, आणि हद्दीपलीकडं सोलापूरच्या मुलखात त्यांच्याशी लढणाऱ्या तरुणांच्या छावण्या पडल्या होत्या. अशा दिवसांत लोकांच्या पोरांना घरचं विचारत बसायचं म्हणजे अक्कल गहाण टाकल्यातच जमा. पण पुस्तकात मान घातलेल्या माणसाला हे सांगणार कोण? ज्यांच्या छड्या त्यानं खाल्ल्या होत्या त्या गोरोबा मास्तरांनी सांगून पाहिलं.

"लेका, घरचं कायबी इचारू नको. दिवस लई वंगाळ हायेत."

"मास्तर, मी फक्त भाषा विचारतोय. त्यात काय जातंय?"

शाळेच्या ओट्यावर एकेका पोराला बोलावून तो विचारू लागला. घरात कोण कुणाशी कसं बोलतं? रागवायचं कुठल्या भाषेत, लाड कुठल्या? पोरं खुलली. बसवराजला आनंद झाला, खरंच लहान मुलासारखा आनंद झाला.

मग इरम्मा आली. ईरण्णा किराणावाल्याची मुलगी, नऊएक वर्षांची. ईरण्णा गुलबर्ग्याला माल आणायला गेलाय, तो महिनोन्‌महिने परतलाच नाही, असं गाव सांगत होतं. बसवराजनं कन्नडात विचारलं आणि ती कन्नडातच घडाघडा बोलू लागली.

"आई आजीशी मोठ्यानं बोलते. बाबा मात्र हळूच बोलतात. रात्री हद्दीवरून येतात ना, तेव्हा."

दारात उभ्या असलेल्या गोरोबा मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. आपण काय विचारून बसलो हे बसवराजला आत्ता कळलं, आणि कळायला जरा उशीरच झाला होता. कारण फाटकातून ठाण्याचे अमीन, म्हणजे फौजदार, आत येत होते, मागं बंदूकवाले दोन रझाकार. हैदराबादेचा कुणी माणूस पोरांची झडती घेतोय, ही बातमी ठाण्यापर्यंत गेली होती.

अमीन शिकलेले होते, अदबीनं बोलत. त्याचीच जास्त भीती वाटत होती.

"डॉक्टरकी करताय म्हणे. जोडविषय कोणता?"

मुलांची घरची भाषा, असं म्हटलं की अमीन म्हणणार, वा, मग विचारा की माझ्यासमोर. आणि समोर इरम्मा उभी. ईरण्णाचा जीव बसवराजच्या जिभेवर होता.

"फारसी मकतबांचा इतिहास," तो म्हणाला.

"मग पोरांशी काय काम?"

"जुने मकतब कुठं भरत हे म्हाताऱ्यांनाच ठाऊक. कुणाच्या घरात आजी-आजोबा आहेत, तेवढं विचारत होतो."

अमिनांनी खाली वाकून इरम्माला विचारलं, "बेटी, इन्होंने क्या पूछा?"

ही पोर खोटं बोलायला शिकलेली नव्हती; निदान बसवराजला तरी तसं वाटत होतं.

इरम्मानं हात बांधले, शाळेत उभी राहते तशी ताठ उभी राहिली, आणि स्वच्छ म्हणाली, "दादी है क्या बोलके पूछे, साब. मैं बोली, है."

अमीन हसले. "उम्दा विषय निवडलात. माझे मेहुणे युनिव्हर्सिटीच्या कचेरीतच आहेत. तुमचं नाव फारसीत दाखल झालं का, मी विचारून घेईन." एवढं बोलून ते निघून गेले.

बसवराज त्या पोरीकडंच बघत होता. खरं सांगताना कन्नड, आणि बापाला वाचवताना उर्दू, तीही न अडखळता! जे शोधायला तो आला होता ते समोर परकर सावरत उभं होतं, आणि त्यातलं अक्षरही तो कुठं लिहू शकणार नव्हता. त्याचे डोळे भरून आले.

इरम्मानं कन्नडात विचारलं, "मामा, अजून काही विचारायचंय?"

"न्हाय गं," तो म्हणाला. "माझा विषय बदलला."