एक्केचाळीस नंबरच्या प्लॉटवरचा समुद्र

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास प्रभाग सातमधल्या एक्केचाळीस नंबरच्या प्लॉटवर समुद्र आला. पाऊस नव्हता, कुठली पाइपलाइनही फुटली नव्हती. लोक आपापल्या कामात असताना तो आला आणि तारेच्या कुंपणाला पाणी टेकवून थांबला. रस्त्यावरून पाहिलं तर प्लॉटच्या पलीकडे, तीस-पस्तीस पावलांवर, मुनीर शिंप्यांच्या घराची भिंत दिसायला हवी होती. ती दिसत नव्हती. लाटा दिसत होत्या, आणि लाटा संपत होत्या तिथे आभाळ. गल्लीतून वळसा घालून मागे गेलं, की मुनीरभाईंची भिंत जागच्या जागी होती.

वेणूबाई गव्हाणे भाजीची पिशवी घेऊन कुंपणापाशी उभ्या राहिल्या. नगरपरिषदेच्या बालवाडीत त्यांनी तीस वर्षं शिकवलं होतं आणि निवृत्त झाल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, त्या या प्लॉटसाठी अर्ज करत होत्या. त्यांना तिथे समाजमंदिर हवं होतं. त्यांच्या गावापासून समुद्र चारशे किलोमीटरवर होता आणि वेणूबाईंचा सगळ्यात लांबचा प्रवास वेरूळपर्यंतचा होता. त्यांनी तारेतून हात घालून बोट बुडवलं आणि चाखलं. पाणी खारट होतं.

त्या तशाच, पिशवीसकट, नगरपरिषदेत गेल्या.

कार्यालयीन अधीक्षक कुलथे चहा पीत होते. वेणूबाईंना पाहून ते खुर्चीतून अर्धे उठले.

"या बाई, अभिनंदन. झालं एकदाचं तुमचं काम."

"काय काम झालं?"

कुलथ्यांनी ठरावाची प्रत समोर सरकवली. प्रभाग सात, प्लॉट क्रमांक एक्केचाळीस येथे रहिवाशांच्या मागणीनुसार समुद्र देण्यास ही सभा सर्वानुमते मंजुरी देत आहे, असं त्यात लिहिलं होतं. खाली अध्यक्षांची सही होती.

"अहो, आम्ही समाजमंदिर मागितलं होतं."

"समाजमंदिर?" कुलथ्यांना खरंच नवल वाटलेलं दिसलं. त्यांनी कपाटातून फाइल काढली, धूळ झटकली आणि एकेक अर्ज उलटू लागले. अक्षर वेणूबाईंचंच होतं, पाटीवर मुलांना गिरवायला द्यावं तसं गोल आणि सुटं. *लग्नकार्ये भर रस्त्यात करावी लागतात, तरी येथे समुद्र मिळावा. वयस्क महिलांना संध्याकाळी बसण्यास जागा नाही, सबब समुद्राची नितांत गरज आहे.* अकरा वर्षांचे बावीस अर्ज होते आणि बावीसही अर्जांत तोच शब्द होता.

"अक्षर तुमचंच ना?"

"माझंच आहे."

"सही?"

"सहीपण माझीच."

"मग झालं तर," कुलथे म्हणाले आणि त्यांनी फाइलची नाडी बांधली.

घरी येऊन वेणूबाईंनी पत्र्याची पेटी उघडली. अर्जांच्या कार्बन प्रती त्यांनी तारखेनुसार लावून ठेवल्या होत्या. त्यांनी सगळ्या वाचल्या. त्यातला एक अर्ज लिहिल्याचा दिवस त्यांना चांगला आठवत होता. यजमानांचं तेरावं होतं. मांडव रस्त्यातच घातला होता, वरून ऊन येत होतं, आणि जेवणाऱ्या माणसांच्या पाठीमागून मोटारसायकली हॉर्न वाजवत जात होत्या. पाहुणे गेल्यावर त्यांनी चिडून कागद ओढला होता आणि भराभर लिहिलं होतं. त्या कागदावरही समुद्रच होता. वेणूबाई बराच वेळ तो कागद हातात धरून बसल्या. त्या दिवशी आपल्या मनात नेमकं काय होतं, हे त्यांना आता शपथेवर सांगता आलं नसतं.

दोन-तीन दिवसांतच लोकांना समुद्राची सवय झाली. संध्याकाळी बायका यायला लागल्या. आधी उभ्याने बघून जात, मग पोती, चटया घेऊन येऊ लागल्या. दिवसभर धुण्याभांड्यांची कामं करून आलेल्या बायका पाय पसरून बसायच्या. वारा यायचा. गावात असा वारा कधीच नव्हता. तो पाण्यावरून यायचा आणि कपाळावरचा घाम वाळवून जायचा. नळावरच्या भांडणापासून तीन वर्षं अबोला धरलेल्या दोघी जावा एकाच चटईवर बसलेल्या वेणूबाईंनी पाहिल्या. समाजमंदिर झालं असतं तर याहून वेगळं काय झालं असतं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. त्यांनी ते कुणाला बोलून दाखवलं नाही. पण रोज पाच वाजले, की त्या लुगड्याचा पदर खोचून निघायच्या आणि कुंपणाजवळची आपली जागा धरायच्या.

नवव्या दिवशी मुनीरभाई त्यांच्या घरी आले. ते कधी रिकाम्या हाताने येत नसत. आज त्यांच्या हातात एक शिवलेलं पोलकं होतं. त्यांनी ते वेणूबाईंपुढे धरलं. जांभळ्या कापडावर मिठाचे पांढरे डाग पडले होते.

"बाई, आधी भिंतीला ओल आली. मी म्हटलं, असू दे. काल मशीनच्या पायडलखाली पाणी आलं. आज सकाळी अम्मीच्या खाटेखाली होतं. अम्मी उठू शकत नाही, तुम्हाला माहीत आहे. ती म्हणते, मुनीर, रात्रभर कोणीतरी श्वास घेतंय."

"नगरपरिषदेत सांगितलंत?"

"सांगितलं. ते म्हणतात, तुम्हीच तर मागितला. पहिल्या अर्जावर बाईंच्या खालोखाल सही माझीच आहे म्हणे."

"आहे ना. तुमच्या दुकानातच तर लिहिला होता तो." वेणूबाईंनी पोलक्यावरचा एक डाग नखाने खरवडून पाहिला. "मुनीरभाऊ, त्यात काय लिहिलं होतं, तुम्हाला आठवतं?"

मुनीरभाईंनी पोलक्याची घडी घातली. "मी कुठं वाचलं? तुम्ही सही करा म्हणालात, मी केली."

हे त्यांनी अगदी सहज म्हटलं, त्यात तक्रार नव्हती. तरी वेणूबाईंना ते दिवसभर सलत राहिलं. त्या दिवशी पाच वाजता त्या समुद्रावर गेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी कुलथ्यांच्या टेबलासमोर बसून त्यांनी हरकतीचा अर्ज लिहिला. एकेक अक्षर मनाशी म्हणत, पेन दाबून लिहिलं. आम्हाला समुद्र नको, समाजमंदिर हवे. कुलथ्यांनी तो वाचला आणि चष्मा काढला.

"बाई, 'समुद्र नको, समुद्र हवा.' मी याचा काय अर्थ घेऊ?"

वेणूबाईंनी कागद परत घेतला. खरंच तसं लिहिलं होतं. त्यांनी दुसरा कागद घेतला, तिसरा घेतला. चौथ्या कागदावर त्यांनी समाजमंदिराचं नावच काढलं नाही. *मुनीर शेख यांचे घर वाचवावे,* एवढंच लिहिलं. ते जसं लिहिलं तसंच राहिलं.

"हे स्पष्ट आहे," कुलथे म्हणाले. "पण त्यासाठी ठराव रद्द करावा लागणार, आणि मोजणी झाल्याशिवाय रद्द कसा करणार? जेवढा आलाय तेवढा परत जायला पाहिजे. कमी-जास्त झाला तर जबाबदारी कुणाची? परवा दुपारी बारा वाजता इंजिनिअर पाठवतो. तुम्ही हजर राहा. अर्जदार लागतो."

"मी कशाला?"

"टेपचं एक टोक कुणीतरी धरायला नको का?"

ठरल्या दिवशी दुपारी सगळा प्रभाग कुंपणापाशी जमला होता. मुनीरभाईंनी शिलाई मशीन रस्त्यावर आणून ठेवलं होतं आणि अम्मीला खाटेसकट कडुलिंबाखाली. अम्मी डोळे मिटून वारा घेत होती. रोज येणाऱ्या बायका आज वेणूबाईंशी बोलल्या नाहीत. त्यातली एक पुढे आली, काहीतरी म्हणणार असं वाटलं, पण मुनीरभाईंच्या मशीनकडे पाहून ती मागे झाली.

इंजिनिअर पाचपुते नवाच लागला होता. त्याने बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि टेपचं टोक वेणूबाईंच्या हातात दिलं.

"मावशी, हे शून्य. कुंपणाला टेकवून धरा. हलू देऊ नका."

तो पाण्यात शिरला आणि चालत निघाला. टेप उलगडत गेली. "दहा," त्याने ओरडून सांगितलं. मग "वीस", मग "तीस". टेप तीस मीटरचीच होती, पण ती उलगडतच राहिली. पाणी त्याच्या कमरेच्या वर चढलं नाही. "दोनशे," तो म्हणाला. उन्हात त्याचा पांढरा शर्ट चमकत होता. पुढचे आकडे वाऱ्यावर आले, अर्धेमुर्धे. मग शर्ट दिसेनासा झाला आणि आकडेही थांबले.

मुनीरभाई वेणूबाईंच्या शेजारी उभे होते. "बाई, सोडू नका."

"नाही सोडत."

टेप ताणलेलीच होती. घटकाभराने तिला पलीकडून दोन हिसके बसले, दाराची कडी कुणी वाजवावी तसे. वेणूबाईंनी टोक दोन्ही हातांनी धरलं. पुन्हा दोन हिसके. या वेळी टेप ओढली गेली आणि त्यांचे हात कुंपणापासून सुटले. कुंपणाची तार वाकली, त्या तिच्यावरून पलीकडे गेल्या. पाणी गार होतं. ते घोट्याला लागलं, मग पोटऱ्यांना. मागे कोणी ओरडलं नाही. त्या चालत होत्या आणि टेप त्यांच्या पुढे सरळ रेषेत, आभाळापर्यंत गेलेली होती.

"बाई," मागून मुनीरभाईंचा आवाज आला, बराच लांबून. "किती झालं?"

वेणूबाईंनी हातातल्या टोकाकडे पाहिलं.

"शून्य," त्यांनी ओरडून सांगितलं, आणि पुढचं पाऊल टाकलं.