मोसीच्या काठचा पिवळा रेनकोट

मी एक जुना पिवळा रेनकोट आहे, मित्रांनो, आणि पाऊस वरून पडतो असं समजूनच मला शिवलं गेलं होतं.

ते खोटं निघालं. झांबेझी नदी जिथे कड्यावरून स्वतःला झोकून देते, त्या मोसी धबधब्याच्या काठी पाऊस खालून वर येतो. बाह्यांतून शिरतो, हनुवटीखाली शिरतो. आयुष्यभर मी तोच पाऊस अडवला.

माझी गोष्ट सलग नाही. माझं अंगच आता सलग नाही. जिथे जिथे शिवण आहे, तिथे तिथे थांबत सांगतो.

बाह्या

बाह्या लांब आहेत. कुणा धिप्पाड माणसाच्या मापाने मला कापलं असावं. लिव्हिंगस्टन गावातून चोल्वेच्या आईने (इथे बाईला तिच्या लेकराच्या नावानेच ओळखतात) मला आणलं आणि धबधब्याच्या फाटकाजवळ आपल्या टपरीच्या बांबूवर टांगलं. तिथे ती रेनकोट भाड्याने देते. देशोदेशीचे लोक मला घालून गेले. जाताना हसायचे, एवढ्या लख्ख उन्हात हे सोंग कशाला म्हणून. येताना मला दोन्ही हातांनी आवळून धरलेलं असायचं. "पिवळा न्या," चोल्वेची आई सगळ्यांना सांगायची, "पिवळा दगा देत नाही." मला फार बरं वाटायचं.

खिसा

खिसा एकच उरला आहे. दुसऱ्यात एक पाहुणा भाजलेलं कणीस विसरला आणि मला कठड्यावर ठेवून फोटो काढत बसला. बबून माकड आलं. त्याला कणीस हवं होतं, मी नको होतो. पण खिसा उघडायचा कसा हे त्याला कुठे ठाऊक? एकीकडून ते ओढतंय, दुसरीकडून पाहुणा. माझी पाठ टोपीच्या जरा खाली, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत उसवली.

पाठ

पाठीला चिकटपट्टी लावून पाहिली. पहिल्याच तुषारांत ती निघाली. भिजलेले लोक येऊन कुरकुर करू लागले. मग माझी जागा बांबूवरून बाकाखाली गेली, कोळशाच्या पोत्यामागे. वर इतर रेनकोट वाऱ्यावर फडफडत, मी त्यांचा आवाज ऐकत पडून असे. कोणी नाव घेत नव्हतं.

नदी दुथडी भरलेली असताना एका सकाळी चोल्वेच्या आईने मला बाहेर ओढलं. हातात कात्री होती. कोळशाच्या पोत्यांना झाकणं हवी होती.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "या टोंगांच्या टपरीत माणसाच्या मापाचं काही मिळतं, की सगळं वासरांसाठीच?"

चोल्वेच्या आईने मान वर न करताच ओळखलं, लोझी बाई आली. "मासे खाऊन माणूस एवढं फुगतं हे ठाऊक नव्हतं, नाहीतर तंबू आणून ठेवला असता."

घाबरू नका, हे भांडण नव्हतं. टोंगा गुरं राखणारे, लोझी मासे धरणारे, आणि या दोन जमातींचं नातंच थट्टेचं, दीर-भावजयीसारखं. एकमेकांची वस्तूसुद्धा न विचारता उचलावी, आणि ज्याची उचलली त्याने रागवायचं नाही.

बाईचं नाव नासिलेले. नदीच्या वरच्या अंगाला, पलीकडच्या नामिबिया देशात ती शाळेत शिकवायची. पहिल्यांदाच सरहद्द ओलांडून आली होती आणि दुपारच्या गाडीने तिला परतायचं होतं. पाठीला चितेंगेच्या, म्हणजे कमरेला गुंडाळतात त्या निळ्या फुलांच्या कापडाने बांधलेली तिची तान्ही लिसेली होती. तीच अडचण होती. बांबूवरचे सगळे रेनकोट तिने घालून पाहिले. बाळासकट एकही बसेना. बसवला तर बाळ आत गुदमरायचं.

चोल्वेची आई म्हणाली, बाळ माझ्याजवळ ठेव. नासिलेले म्हणाली, तुझ्याजवळ ठेवलं तर मी येईपर्यंत गुरं राखायला लावशील. दोघी हसल्या. लिसेलीने मात्र परक्या हाताकडे पाहून असा गळा काढला की पुन्हा कोणी विचारलं नाही.

मग नासिलेले थट्टा सोडून हळू बोलली. "आमच्या घरावरून ही नदी गरीब गायीसारखी जाते. इथे येऊन ती काय करते, ते मी मुलांना दर वर्षी फळ्यावर खडूने काढून दाखवते. मी स्वतः पाहिलेलं नाही गं."

आणि तिने मला कात्रीखालून ओढलं.

"तो फाटलाय. बाळ भिजून आजारी पडेल, आणि खापर आम्हा टोंगांवर."

"कात्री ठेव. भावकीच्या हक्काने उचललाय."

टोपी

तिने मला घातलं, आणि लिसेलीचं डोकं माझ्या फाटलेल्या पाठीतून अलगद बाहेर आलं. जणू ती खिडकी तिच्यासाठीच ठेवली होती.

चोल्वेची आई बघतच राहिली. मग कात्री बाकावर ठेवून तिने माझी मागे लोंबणारी टोपी उचलली आणि बाळाच्या डोक्यावरून कपाळापर्यंत ओढली. तशीच ती एका दोरीने बांधून टाकली.

आम्ही अरुंद पुलावर गेलो. समोर नदी कोसळत होती आणि खालचा पाऊस आमच्यावर उसळत होता. टोपी बाळाला दिलेली, त्यामुळे नासिलेलेचं डोकं-तोंड चिंब भिजलं. वडीलधाऱ्यांना नमस्कार करताना टाळ्या वाजवतात तशा, तळवे खोलगट करून तिने सावकाश टाळ्या वाजवल्या. "इथे येऊन बोलतेस होय," ती नदीला म्हणाली.

मी मात्र मागे लक्ष ठेवून होतो. बाळ आता रडणार, आता रडणार. लिसेलीने तोंड उघडलं, तुषार चाखले, आणि हसू लागली. ते हसू आधी मला जाणवलं, मग तिच्या आईच्या पाठीला.

काठ

परत आल्यावर चोल्वेच्या आईने पहिल्यांदा बाळाचे केस चाचपले. कोरडे होते. नासिलेलेने आपल्या चितेंगेच्या कडेची एक पट्टी फाडली आणि माझ्या पाठीतल्या खिडकीच्या कडांना काठ लावायला सुई मागितली. "राहू दे," चोल्वेची आई म्हणाली, "लोझींना जाळी विणता येतात, कपडे नाही." शिवलं तिनेच.

तेव्हापासून मी पुन्हा बांबूवर आहे. निळ्या फुलांचा काठ आहे मला. ज्या आयांना आधी फाटकापासून मागे फिरावं लागायचं, त्या आता मला मागून घेतात.

मित्रांनो, फाटलेल्या वस्तूवर कात्री चालवण्याआधी ती एकदा कुणाच्या तरी अंगावर घालून बघा. आणि काठ लावा. नुसत्या चिकटपट्टीने भागत नाही, हे माझ्या पाठीला विचारा.

आता थांबतो. फाटकाशी एक बाई उभी आहे. तिच्या पाठीवरून दोन डोळे माझ्याकडे बघताहेत, आणि चोल्वेची आई मला बांबूवरून काढते आहे. बाहेर लख्ख ऊन आहे. आत, खालून, पाऊस सुरू आहे.