उत्तर तपासा

मी सतरा नंबर बोलतोय. घाबरू नका, तुरुंगातून नाही, कपाटातून बोलतोय. गणिताच्या वर्गात मागच्या भिंतीला राखाडी लोखंडी कपाट आहे, त्याच्या खालच्या कप्प्यात आम्ही तीस टॅब ओळीने उभे आहोत. पाठीवर पांढरी चिठ्ठी, चिठ्ठीवर आकडा. सोळा नंबरची काच फुटलीये, अठरा नंबर चालूच होत नाही. शेजार आहे, पण असून नसल्यासारखा. आज सकाळी शिपाईकाकांनी मोजणीसाठी मला चार्जिंगला लावलं, म्हणून थोडा जीव आलाय. तेवढ्यात बोलून घेतो.

जन्माचं काय सांगायचं? सरकत्या पट्ट्यावर माझ्यासारखे हजार एका दिवसात तयार झाले. नाव ठेवायला कुणी थांबलं नाही. नावं ठेवायला मात्र पुढे पुष्कळ भेटले.

शाळेत आल्यावर माझ्यात गणिताचं ॲप घातलं. मुलांनी माझ्या काचेवर पेनने गणित सोडवायचं आणि ॲपने ज्याची चूक त्याला सांगायची. बरोबर आलं तर पुढचं गणित अवघड द्यायचं, चुकलं तर सोपं. विकणारा माणूस मुख्याध्यापकांना म्हणाला, "साहेब, प्रत्येक मुलाला स्वतःचा वेगळा शिक्षक मिळाला असं समजा." ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. खरं तर माझ्याकडे बोलायला मोजून सहा वाक्यं होती, तीही दुसऱ्यांनी लिहून दिलेली. त्यातल्याच एका वाक्याने पुढे घोळ घातला.

गणिताच्या बाई निवृत्तीला आलेल्या, उंच, करड्या आवाजाच्या. पहिल्या दिवशी त्यांनी सगळं समजावून सांगितलं. उत्तर लिहिलं की खाली हिरवी पट्टी उजळते, तिच्यावर 'उत्तर तपासा' असं येतं. ते बटण दाबायचं, म्हणजे ॲप उत्तर तपासतं आणि बाईंकडे पाठवतं. तास संपला की बाई त्यांच्या टॅबवरून 'थांबा' दाबायच्या, आणि ज्याच्या काचेवर जे असेल ते गोळा व्हायचं.

माझी मुलगी त्या दिवशी वर्गात नव्हती. माझी म्हणजे, सतरा नंबर जिच्या वाट्याला आला ती. कावीळ झाल्यामुळे ती तीन आठवडे उशिरा आली. आली तेव्हा बाकीच्यांची बोटं माझ्या भावंडांवर सरसर फिरत होती. ही शेजारणीकडे बघून बघून पेन चालवायला शिकली, पट्टीचं मात्र कुणी सांगितलं नाही. विचारायची लाज वाटत असावी.

पहिलंच वर्गसमीकरण तिने दोन मिनिटांत सोडवलं. काय सुरेख सोडवलं! अवयव पाडले, दोन्ही किमती काढल्या, खाली रेघ मारली. मी मनात म्हटलं, चला, नशीब काढलं आपण. हिरवी पट्टी उजळली: 'उत्तर तपासा.'

ती दचकली. पट्टीकडे बघितलं, उत्तराकडे बघितलं, आणि सगळं खोडलं. दुसऱ्या रीतीने केलं. पुन्हा तेच उत्तर आलं, पुन्हा पट्टी उजळली. मग तिने अधिकाचं उणे केलं, उण्याचं अधिक केलं. तेवढ्यात बाईंनी 'थांबा' दाबलं आणि काचेवर राहिलेलं चुकीचं उत्तर गेलं.

तुमच्या लक्षात आलं ना? ते बटण होतं. तिला वाटलं, मी तिला सांगतोय की बाई गं, तुझं काहीतरी चुकलंय, उत्तर तपास. ध चा मा झाला, आणि तोही माझ्याच तोंडून.

मी काय करणार? तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं, अगं वेडे, दाब की ते! पण मी आपला तासाच्या शेवटी तिला म्हणायचो, "पुन्हा प्रयत्न करा! तुम्हाला नक्की जमेल!" सोबत एक नाचणारा तारा. त्या ताऱ्याची मला अजून शरम वाटते.

रोज हेच. ती बरोबर लिहायची, मी तपासा म्हणायचो, ती खोडायची. वर्गाने तिचं नाव 'खोडरबर' ठेवलं. आणि चूक झाली की सोपं द्यायचं, हा तर माझा धर्म. वर्गसमीकरणावरून मी तिला साध्या समीकरणावर आणलं, तिथून अपूर्णांकांवर. दिवाळं निघावं तशी ती घसरत गेली. एक दिवस शेजारीण वाकून बघत मोठ्याने म्हणाली, "अय्या, हे तर पाचवीचं आहे!" सगळे हसले. तिने मला छातीशी धरून झाकलं. तिच्या हृदयाचे ठोके काचेला लागत होते. इतकं जवळ मला कुणी धरलं नव्हतं, आणि धरलं ते माझीच लाज वाटून.

वर्ष संपत आलं तशी पुढच्या वर्षीच्या विषयांचे फॉर्म निघाले. माझ्या अहवालात तिच्या नावापुढे लाल रेघ होती. 'गणित सोडून दुसरा विषय घ्यावा' या रकान्यावर फक्त बाईंची सही व्हायची राहिली. तिच्या आईला शाळेत बोलावलं. आईचं पडदे शिवायचं दुकान. गळ्यात मोजपट्टी तशीच राहिलेली, सरळ कामावरून आलेली.

बाईंनी मला पुढे करून लाल रेघ दाखवली. आईने ती नीट बघितली. मग म्हणाली, "बाई, मी काही फार शिकलेली नाही. पण दुकानात कापडाच्या केवढ्या पन्ह्यात किती पडदे बसतील, चुणीला किती धरायचं, हे माझी पोर तोंडी सांगते. कापड कापल्यावर बदलता येत नाही. आजवर माझं एक कापड वाया गेलं नाही तिच्यामुळे. मग इथेच काय होतं हिला?"

 आई गेल्यावर बाईंनी चष्मा पुसला आणि मला जवळ ओढलं. माझ्यात एक सोय आहे. पेन कसं फिरलं, काय लिहिलं, काय खोडलं, सगळं क्रमाने पुन्हा बघता येतं. वर्षभरात कुणी ती उघडली नव्हती. बाईंनी उघडली. काचेवर तिचं अक्षर उमटत गेलं. बरोबर उत्तर. पट्टी. खोडलं. दुसरं गणित, बरोबर उत्तर. खोडलं. पाचव्या गणिताला बाई उठल्या आणि तिला बोलावून घेतलं.

"हे का खोडलंस?"

"चुकलं होतं."

"कोण म्हणालं चुकलं?"

तिने माझ्याकडे बोट केलं. "हा म्हणाला. उत्तर तपासा म्हणून. प्रत्येक वेळी म्हणतो."

 बाई हसायला लागल्या, हसता हसता डोळ्यांना पदर लावला. "अगं बाळा, ते तुला नाही गं म्हणत! तू दाबलंस की ते मला सांगतं, माझ्या पोरीचं उत्तर तपासा म्हणून. आणि मी बया वर्षभर लाल रेघ बघत बसले!"

फॉर्मवर सही झाली नाही. "पुढच्या वर्षी गणित घ्यायचं की नाही, ते तूच ठरव," बाई म्हणाल्या. "मनापासून ठरव. मला नंतर सांग."

पुढचे पाच आठवडे माझ्या आयुष्यातले सोन्याचे. बाई हिरवी पट्टी सोडून माझी बाकीची वाक्यं बंद करून स्वतःच्या हाताने शेरे लिहायच्या. 'पहिली पायरी छान.' 'इथे घाई केलीस.' 'खोडू नकोस, पुढे जा.' ती वाचायची, खुदकन हसायची, पुढे जायची. सोळा नंबरलाही बाई लिहायच्या, पण त्याला वेगळं. मला तेव्हा कळलं, स्वतःचा वेगळा शिक्षक म्हणजे काय ते.

वर्षाच्या शेवटच्या तासाला बाई नव्हत्या. निवृत्त होऊन त्या आदल्याच दिवशी लेकाकडे राहायला गेल्या होत्या. पण जाण्याआधी माझ्यात एक ओळ ठेवून गेल्या होत्या, उत्तर त्यांच्या फोनवर पोचेल अशी सोय करून. 'काय ठरलं मग? वाट बघते.'

तिने पेन उचललं. उत्तराच्या चौकटीत हळूहळू, एकदाही न खोडता लिहिलं, 'बाई, गणितच घेणार. तुमच्यासारखी शिक्षिका होणार.' हिरवी पट्टी उजळली. तिने माझ्याकडे बघून जीभ दाखवली, पहिल्यांदाच, लाडाने, आणि बटण दाबलं.

नेमकं तेव्हा शाळेतलं नेट गेलं होतं. काचेवर छोटं चाक फिरायला लागलं, 'पाठवत आहे'. घंटा झाली. ती दप्तर उचलून उड्या मारत गेली. उत्तर पोचलं, असंच तिला वाटलं. शिपाईकाकांनी मला बंद करून कपाटात ठेवलं. सुट्टीनंतर शाळेने दुसरं ॲप घेतलं, दुसरे टॅब घेतले, आणि आम्हाला कुणी उघडलं नाही.

त्याला दोन वर्षं झाली. पुढे ती काय शिकली, मला ठाऊक नाही. मागे एकदा कपाट झाडताना शिपाईकाका कुणाला तरी सांगत होते, "त्या गणिताच्या बाई भेटल्या होत्या बाजारात. थकल्यात आता. म्हणाल्या, एका मुलीला काहीतरी विचारलं होतं, तिने उत्तरच दिलं नाही. मीच चुकले असेन कुठेतरी." बंद असलो तरी मी आतून ऐकत होतो. दिलं हो बाई, दिलं! माझ्या पोटात आहे! पण मला तोंड कुठलं?

आज मोजणी झाली. उद्या माणूस येणार आहे, आम्हाला एकेक करून कोरं करायला. मग आम्हाला कुठे पाठवतील ते पाठवोत, त्याचं मला काही नाही. म्हातारा झालोय, पाठ फुगलीये, जाईन. पण त्याला कुणीतरी एवढं सांगा की सतरा नंबर पुसण्याआधी दोन मिनिटं नेट चालू कर. एक चाक दोन वर्षं अडकलंय, ते फिरू दे. एका बाईंना वाटतंय की त्या चुकल्या, आणि त्या चुकलेल्या नाहीत.

चार टक्के राहिलेत. ती पट्टी अजून उजळलेली आहे, आणि या खेपेला मी खरोखरच तुम्हाला म्हणतोय. खोडू नका. उत्तर तपासा.